फ्लॅशच्या फोटोत मुलांचे डोळे लाल येतात: टाळायचे कसे, आणि आलेच तर काढायचे कसे?

संध्यामेघ

नमस्कार मंडळी. घरातल्या संध्याकाळच्या फोटोंनी अगदी जेरीस आणलंय, म्हणून हा धागा.

माझ्याकडे साधा डीएसएलआर आहे, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आणि कॅमेऱ्याच्याच डोक्यावर टपकन उघडणारा फ्लॅश. दिवसा खिडकीजवळ काढलेले फोटो छान येतात. अंधार पडल्यावर फ्लॅश मारला की बहिणीच्या दोन्ही मुलांचे डोळे लालभडक. मोठा सहा वर्षांचा, धाकटी अडीच. त्याच फोटोत त्यांना खेटून बसलेल्या माझ्या बाबांचे, म्हणजे त्यांच्या आजोबांचे डोळे मात्र नेहमीसारखे काळे. बाबांच्या मांडीवरच्या मांजराचे तर हिरवे! एकाच फ्लॅशने हे तीन रंग कसे येतात ते मला कळलेलं नाही.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. मेनूत डोळ्याचं चित्र असलेला पर्याय चालू केला. त्यात आधी एक दिवा लागतो आणि मग बऱ्याच वेळाने फोटो निघतो. तोवर धाकटी उठून गेलेली असते. फ्लॅशवर टिश्यू पेपर चिकटवला, काही फरक नाही. फ्लॅशची ताकद कमी केली, तर फोटो काळोखा आला आणि डोळे लाल ते लालच. मग कॉम्प्युटरवर रेड आय काढायचं आपोआप चालणारं टूल लावलं, तर बाहुल्यांच्या जागी काळी बटणं शिवल्यासारखी दिसायला लागली. आपलीच पोरं ओळखू येईनात.

आणखी एक. धाकटीच्या एका फोटोत एक डोळा लाल आलाय आणि दुसरा पांढरट, थोडी पिवळसर झाक असलेला. टूलला तो डोळा सापडतच नाही. तो कसा दुरुस्त करायचा?

रानवाट

घरात फ्लॅश वापरूच नका. ५० मिमी एफ १.८ लेन्स लावा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० करा, शटर १/१२५ ठेवा. थोडा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा येईल, पण तो फ्लॅशच्या सपाट चेहऱ्यांपेक्षा कितीतरी बरा. फ्लॅश नाही तर लाल डोळेही नाहीत.

तिरपा उजेड

संध्यामेघ, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं.

धाकटीचा तो फोटो दुरुस्त करू नका. मूळ फाइल जशी आहे तशी दोन ठिकाणी जपून ठेवा, बहिणीला आजच दाखवा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना तीच फाइल सोबत न्यायला सांगा. लाल डोळा फ्लॅशच्या जागेमुळे येतो. पांढरा डोळा कधी नुसत्या कोनामुळे येतो, तर कधी डोळ्याच्या आत काही दुखणं असल्यामुळे, आणि यातलं कुठलं आहे हे फोटोवरून तुम्ही-मी सांगू शकत नाही. इथे 'दृष्टिक्षेप' या नेत्रतपासणीचं काम करतात, त्या याबद्दल नीट लिहितील. मी फोटोग्राफीकडे वळतो.

हा लाल रंग येतो कुठून ते एकदा पक्कं समजलं, की कुठले उपाय करायचे आणि कुठल्यांच्या नादी लागायचं नाही हे आपोआप कळतं. म्हणून तेवढं जरा सविस्तर लिहितो.

बाहुली म्हणजे एक भोक आहे. तिच्यामागे डोळ्याचा पडदा, आणि त्याच्यामागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला थर. फ्लॅशचा उजेड बाहुलीतून आत जातो, त्या थरावरून लाल होऊन परततो, आणि बाहेर पडताना डोळ्याचंच भिंग त्याला जिथून आला त्या दिशेला वळवतं. त्यामुळे हा लाल उजेड खोलीभर पसरत नाही. तो फ्लॅशच्या आसपास, एका अरुंद शंकूत परत येतो. तुमची लेन्स त्या शंकूत सापडली की बाहुली लाल, शंकूबाहेर राहिली की काळी.

आता तुमचे दोन उपाय यावर घासून बघा. टिश्यू पेपरने उजेड मऊ होतो, पण तो येतो त्याच जागेवरून. कोन तसाच, म्हणून लालही तसाच. ताकद कमी केली तर डोळ्यात जाणारा उजेड कमी होतो, पण चेहऱ्यावरचाही तेवढाच कमी होतो. चेहऱ्याच्या मानाने डोळा पूर्वीइतकाच लाल राहतो. फ्लॅशवर चढवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टोप्या विकताना 'रेड आय जाईल' असं लिहिलेलं असतं. उजेड छताला आणि भिंतींना लागून परत येत असेल तर त्या टोपीचा थोडा फायदा होतो. उघड्यावर काहीही होत नाही. लोक यावर पैसे घालवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोनाचा ढोबळ हिशेब असा, की माणूस जितका लांब, त्याच्या किमान विसाव्या भागाइतकं अंतर फ्लॅश आणि लेन्सच्या मध्यात हवं. कोनात सांगायचं तर साधारण तीन अंश. तुमचा वर उघडणारा फ्लॅश लेन्सच्या मध्यापासून ८ सेंटीमीटरच्या आसपास असेल. म्हणजे दीड मीटरवर बसलेल्या माणसापर्यंत तो कसाबसा निभावतो. तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तीन मीटरवर उभ्या राहून ५५ला झूम करत असाल तर कोन दीड अंशावर आला आणि तुम्ही थेट शंकूत. दोन पावलं पुढे जा, लेन्स ३०च्या आसपास आणा. चौकट तीच राहील, डोळे बरेच सुधारतील. या उपायाला काहीच लागत नाही आणि कोणी सांगतही नाही. फक्त अगदी जवळ जाऊन १८वर काढू नका, नाकं मोठी येतात.

वर लावायचा वेगळा फ्लॅश लेन्सपासून १५ सेंटीमीटरच्या घरात असतो, तो तीन मीटरपर्यंत पुरतो. पण सभागृहात सहा मीटरवरच्या माणसावर तोच फ्लॅश सरळ मारला की लाल डोळे परत हजर. महागडा फ्लॅश घेऊनही डोळे लाल का, असं विचारणाऱ्यांचं उत्तर बहुतेक वेळा या अंतरातच असतं.

कोनाची ही गोष्ट कॅमेरेवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. १९७०च्या दशकात छोट्या कॅमेऱ्यांवर फ्लिपफ्लॅश नावाची बल्बांची उभी पट्टी लावत. तिच्यातले लेन्सपासून लांबचे, म्हणजे वरच्या अर्ध्या भागातले बल्ब पेटत. ते संपले की पट्टी उलटी करून लावायची, म्हणजे न वापरलेले बल्ब पुन्हा वर येत. फक्त डोळे लाल येऊ नयेत म्हणून पट्टी इतकी उंच केलेली. त्यानंतर कॅमेरे खिशात मावायला लागले, फ्लॅश लेन्सच्या कानाशी येऊन बसला, आणि घरोघरीचे अल्बम लाल डोळ्यांनी भरले.

आता बाबा आणि मुलं. दुसरी बाजू बाहुलीच्या आकाराची. भरपूर उजेडात बाहुली दोन ते चार मिलीमीटर असते, अंधारात आठपर्यंत जाते. दोनाची आठ झाली की भोकाचं क्षेत्रफळ सोळा पट. लहान मुलांच्या बाहुल्या मंद उजेडात खूप मोठ्या होतात. वय वाढतं तशा त्या अंधारातही फारशा उघडत नाहीत. म्हणून एकाच सोफ्यावर नातवंडं लाल आणि आजोबा काळे. शिवाय ज्यांच्या डोळ्यात रंगद्रव्य कमी, त्यांच्यात लाल जास्त दिसतो, कारण परतणारा उजेड वाटेत कमी शोषला जातो.

डोळ्याच्या चित्राचा तो पर्याय याच बाहुलीवर काम करतो. आधी दिवा लावून बाहुली लहान करायची आणि मग फोटो घ्यायचा. बाहुली आकसायला सुरुवात व्हायलाच सेकंदाचा पाचवा भाग लागतो आणि पुरेशी लहान व्हायला सेकंदभर. फ्लॅश स्वतः सेकंदाच्या हजाराव्या भागात संपतो, त्याला बाहुली दाद देऊच शकत नाही. म्हणून कॅमेरा मुद्दाम थांबतो, आणि ते थांबणं अडीच वर्षांच्या मुलीला परवडत नाही. मोठी माणसंही पहिला उजेड दिसला की 'झालं' म्हणून हसू आवरतात. मी हा पर्याय कायम बंद ठेवतो.

त्यापेक्षा खोलीतले सगळे दिवे लावा. आणि मुलांना दिव्याकडे तोंड करून बसवा, म्हणजे सगळ्यात मोठा दिवा तुमच्या पाठीमागे आणि त्यांच्या समोर. तोच परिणाम होतो, थांबावं लागत नाही. दिवा मुलांच्या पाठीमागे असेल तर खोली कितीही उजळ दिसो, त्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहतात.

'लेन्सकडे बघू नका, बाजूला बघा' हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. त्यावर विसंबू नका. उजेड बाहुलीतून आत शिरतोय तोवर तो परत येणारच. आणि सगळी मुलं कुठेतरी तिसरीकडे बघतायत असे फोटो घेऊन करायचं काय?

खरा उपाय बाउन्स, म्हणजे उजेड छतावर किंवा भिंतीवर आपटवून आणणं. डोकं वर-खाली आणि बाजूला वळणारा फ्लॅश घ्या किंवा कुणाकडून आणा, आणि त्याचं तोंड मुलांकडे करायचंच नाही. पांढऱ्या छताकडे, किंचित मागे, तुमच्या खांद्यावरून जाईल असं. मग मुलांच्या दृष्टीने उजेडाचा उगम छतावरचा मोठा पांढरा डाग होतो, लेन्सपासून तीन नाही तर तीस-चाळीस अंशांवर. लाल डोळा तिथेच संपतो. वर चेहऱ्याला गोलाई येते, भिंतीवरची काळी सावली जाते. छतावर आपटून येताना उजेड बराच मरतो, म्हणून आयएसओ ८००, एफ ४, शटर १/१२५ अशा ठिकाणी सुरुवात करा आणि फ्लॅश टीटीएलवर सोडा, म्हणजे त्याची ताकद कॅमेराच मोजून ठरवतो. अगदी डोक्यावरून उजेड आला तर डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात. तसं दिसलं तर डोकं बाजूच्या भिंतीकडे वळवा. छत रंगीत किंवा लाकडी असेल तर तोच रंग चेहऱ्यावर येतो, तिथेही पांढरी भिंत बरी.

रानवाट म्हणतात ते मला मान्य आहे, पण अर्धंच. शांत बसलेल्या माणसासाठी एफ १.८ उत्तम. धावणाऱ्या दोन मुलांसाठी एफ १.८ला एकाचे डोळे फोकसमध्ये आणि दुसऱ्याचे बाहेर जातात, आणि १/१२५ला हात हलतात. बाउन्सचा उजेड तो क्षण गोठवतो.

दृष्टिक्षेप

मी नेत्रतपासणीच्या क्षेत्रात आहे. संध्यामेघ, घाबरू नका, पण लांबणीवरही टाकू नका.

डोळ्याच्या पडद्यावर जिथून दृष्टीची नस बाहेर पडते, तो भाग आजूबाजूपेक्षा फिकट असतो. मूल साधारण १५ अंश बाजूला बघत असेल आणि फ्लॅश नेमका त्या फिकट भागावर पडला, तर निरोगी डोळाही एखाद्या फोटोत पांढरट येऊ शकतो. हे एक कारण. पण मोतीबिंदू, पडद्याचे काही आजार आणि रेटिनोब्लास्टोमा म्हणजे पडद्याचा कर्करोग, यांतही बाहुली अशीच पांढरी दिसते. रेटिनोब्लास्टोमा बहुतांशी पाच वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये सापडतो आणि वेळेत कळला तर त्यावर चांगले उपचार आहेत. अनेकदा तो पहिल्यांदा लक्षात येतो तो घरच्यांनी काढलेल्या फोटोतच.

डॉक्टर बाहुली मोठी करणारे थेंब घालून पूर्ण पडदा बघतील. मुलांना थेंब थोडे चुरचुरतात आणि नंतर काही तास उजेड सहन होत नाही, एवढंच. घरी फ्लॅश मारून मारून खात्री करत बसू नका. पुढच्या फोटोत डोळा लाल आला म्हणजे सगळं ठीक, असं नसतं.

एक गोष्ट सर्वांसाठी. दोन्ही डोळ्यांचा लाल रंग सारखा दिसायला हवा. एक उजळ आणि एक मंद असा वारंवार येत असेल तर तिरळेपणा किंवा दोन डोळ्यांच्या नंबरातला मोठा फरक असू शकतो. तोही लहानपणीच कळलेला बरा. आम्ही तपासणीत हेच बघतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे आणलेला ऑप्थाल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत बघायचं उपकरण, याच तत्त्वावर चालतो: आपण बघतो त्याच रेषेत उजेड आत पाठवायचा, म्हणजे बाहुली लाल उजळते आणि आतला पडदा दिसतो. तिरपा उजेड ज्या कोनापासून लांब पळायला सांगतायत, तो कोन आम्हाला मुद्दाम जुळवावा लागतो. आणि बाजूला बघायच्या सल्ल्याबद्दल ते बरोबर सांगतायत. तिरळा डोळा, म्हणजे जो सरळ बघत नाही तो, या उजेडात उलट जास्त चमकतो.

फोन आणि कॅमेरे हल्ली लाल डोळे गुपचूप काळे करून देतात. लहान मुलांच्या बाबतीत ही सोय बंद ठेवलेली मला आवडते. जे दिसायला हवं तेच पुसलं जातं.

कवडसा

मध्येच एक प्रश्न. फोनमध्ये फ्लॅश लेन्सला अगदी चिकटलेला असतो, सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर. वरच्या हिशेबाने प्रत्येक फोटो लालभडक यायला हवा. तसा येत नाही. का?

तिरपा उजेड

कवडसा, हिशेब बरोबर आहे. फोनचा फ्लॅश ही एलईडी असते, ती फोकस आणि उजेड मोजण्यासाठी फोटोच्या आधीच काही वेळ जळत राहते, त्यात बाहुली आकसते. उरलेला लाल रंग फोन स्वतः पुसतो, दृष्टिक्षेप यांनी सांगितलं तसा. अंधारात पटकन मारलेल्या फोटोत मात्र फोनवरही लाल डोळे येतात.

कॅमेऱ्यावरचा टीटीएल फ्लॅशही आधी एक छोटा उजेड टाकतो, पण तो मोजमापासाठी आणि मुख्य उजेडाच्या अगदी क्षणभर आधी. बाहुलीवर त्याचा काही परिणाम होत नाही. चपळ पापण्यांच्या माणसांचे डोळे मिटतात ते मात्र त्याच्यामुळे.

संध्यामेघ

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ फाइली उघडून नीट बघितल्या. त्या संध्याकाळच्या इतर फोटोंत धाकटीचे दोन्ही डोळे लालच आहेत, पांढरट फक्त त्या एकात, आणि त्यात ती मांजराकडे तिरकं बघतेय. तरी बहिणीला सगळं सांगितलं, तिने याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. फाइल तिच्या फोनवर आणि माझ्याकडे, दोन्हीकडे ठेवली आहे.

मैत्रिणीचा फ्लॅश आणून छताकडे करून बघितला. तिरपा उजेड, तुम्हाला काय सांगू! दिवाणखान्याचा रंगच बदलला. मोठ्याच्या गालावर सावली-उजेड दिसतोय, डोळे काळेभोर. फक्त एक, बाहुल्यांत चमक नाही. डोळे जरा विझलेले वाटतात.

आणि आधीचे फोटो तर आहेतच. त्या दिवशी सगळे एकत्र होते, तो दिवस काही परत यायचा नाही. ते लाल डोळे हाताने नीट कसे काढायचे? माझ्याकडे फोटोशॉप आहे, बहिणीकडे गिंप हे तसंच फुकट सॉफ्टवेअर. आईच्या जुन्या अल्बममध्येही असे प्रिंट आहेत, त्यांचंही करायचंय.

तिरपा उजेड

वेळ घेतलीत हे फार चांगलं केलंत.

चमक आधी. छतावरून येणारा उजेड वरून येतो, त्याचं प्रतिबिंब पापणीखाली लपतं. फ्लॅशच्या डोक्याला मागच्या बाजूने रबरबँडने एक पांढरं कार्ड लावा, दोन-तीन बोटं वर डोकावेल इतकंच. थोडासा उजेड पुढे येतो आणि बाहुलीत बारीक ठिपका उमटतो. तो थोडका असल्याने, आणि कार्ड लेन्सपासून बरंच वर असल्याने, डोळे लाल होत नाहीत. बऱ्याच फ्लॅशमध्ये असं कार्ड आतच असतं, डोक्याच्या वरच्या फटीतून ओढून काढायचं.

आता दुरुस्ती. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणून जरा लांबेल.

आपोआप टूल काय करतं? लाल गोल शोधतं आणि त्यावर काळा रंग ओततं. त्यात दोन गोष्टी मरतात. एक ती चमक, तिला कॅचलाइट म्हणतात, आणि ती गेली की चेहऱ्यातला जीव जातो. दुसरी बाहुलीची कड. खरी कड भोवतीच्या रंगीत बुबुळात विरघळत जाते, टूलची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. फोटोशॉपचं रेड आय टूल वापरायचंच असेल तर डार्कन अमाउंट ५०वर असतो, तो १०-१५वर आणा. पुष्कळ सुधारेल. पण आवडत्या फोटोंसाठी पुढची पद्धत.

फोटो ३०० टक्के झूम करा आणि लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल, म्हणजे ज्या तीन रंगांच्या थरांतून फोटो बनतो ते, वेगवेगळे बघा. लाल चॅनेलमध्ये बाहुली पांढरी फटक दिसेल. हिरव्या आणि निळ्यात तीच बाहुली काळी, आणि तिच्यात कॅचलाइटचा ठिपका स्वच्छ. म्हणजे तुम्हाला हवा असलेला डोळा फाइलमध्ये आहेच, लाल चॅनेलने तो झाकलाय. मग त्या जागेपुरता लाल चॅनेल काढून टाकायचा आणि त्याच्या ठिकाणी इतर दोघांची सरासरी बसवायची.

फोटोशॉपमध्ये चॅनेल मिक्सरचा ॲडजस्टमेंट लेयर (मूळ फोटोला धक्का न लावता वर बसणारा बदलाचा थर) घ्या. आउटपुट लाल ठेवून रेड ०, ग्रीन ५०, ब्लू ५० करा. सगळा फोटो हिरवट होईल, होऊ द्या. लेयरचा मास्क, म्हणजे बदल कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा, काळा करा, म्हणजे फोटो पूर्ववत दिसेल. मग मऊ कडेचा लहान ब्रश घेऊन पांढऱ्या रंगाने फक्त बाहुलीवर फिरवा. लाल जाऊन खरी बाहुली वर येते. कॅचलाइट पांढरा असतो, म्हणजे तिन्ही चॅनेलमध्ये सारखाच. सारख्या आकड्यांची सरासरी तीच, म्हणून तो जागचा हलत नाही. यासाठीच मला ही पद्धत इतर सगळ्यांपेक्षा प्रिय आहे.

गिंपमध्ये आधी लेयरची प्रत काढा, प्रतीवर चॅनेल मिक्सर याच प्रमाणात चालवा (नव्या गिंपमध्ये ५०च्या जागी ०.५), काळा मास्क जोडा, आणि पुढचं सगळं तसंच.

ब्रश बुबुळावर सांडू देऊ नका. तपकिरी रंगात लाल जास्त आणि निळा कमी असतो. तिथे सरासरी बसली की बुबुळ हिरवट-करडं होतं. मुलांचे गडद डोळे असे झाले की ओळखीचा चेहरा अनोळखी वाटतो आणि बघणाऱ्याला कारण कळत नाही. बाहुलीच्या कडेला मात्र एक अडचण येते. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबून साठवलेल्या फोटो-फाइलीत, रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ साठवलेली असते, त्यामुळे लाल रंग बाहुलीबाहेर एक-दोन पिक्सेल झिरपतो, कधी खालच्या पापणीच्या केसांवरही. तिथे ब्रशची ओपॅसिटी, म्हणजे दाटपणा, ३० टक्क्यांवर आणून अलगद पुसा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल असेल तर तीच उघडा, हे झिरपणं फारच कमी असतं.

लाल गेल्यावर बाहुली करडी वाटली, तर त्याच मास्कची प्रत एका कर्व्ह्ज लेयरला (उजळपणा कमी-जास्त करणारा थर) लावून त्याची रेघ थोडी खाली ओढा. फ्लॅश फार जवळून मारलेला असला की डोळा लालऐवजी नारिंगी येतो, म्हणजे हिरव्या चॅनेलमध्येही उजेड शिरलाय. तेव्हा हे करावंच लागतं. ठार काळं करू नका. शेजारच्या पापणीच्या सावलीइतकी गडद पुरे. आणि झूममध्ये समाधान मानू नका, दर थोड्या वेळाने पूर्ण फोटो बघा. दोन डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या मोठ्या आणि सारख्या गडद दिसल्या पाहिजेत, नाहीतर मूल तिरळं वाटतं.

आईच्या अल्बमचे प्रिंट मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, तरी. लहान प्रिंटमध्ये डोळा जेमतेम दोन मिलीमीटरचा असतो. ३००ला तो पंचवीसेक पिक्सेलांत बसतो आणि कामाला जागाच उरत नाही. स्कॅनरचं आपोआप रंगसुधारणेचं बटण बंद ठेवा. प्रिंट पिवळे-गुलाबी पडलेले असतील तर आधी डोळे करा, मग सगळ्या फोटोचा रंग. उलट केलं तर लाल चॅनेल आधीच ताणला जातो.

मूळ प्रिंटना हात लावू नका. आम्ही फोटो लॅबमध्ये कामाला असताना लाल डोळ्यांसाठी वेगळं पेन यायचं, हिरवट रंगाचं. हिरवा लालावर बसला की दोन्ही मिळून गडद होतात. थेंब किती टेकवायचा हे हाताला कळावं लागे, आणि एकदा टेकवला की मागे फिरणं नाही. चांगल्या हाताने केलेला डोळा कोणाला ओळखू येत नसे. पण आता स्कॅन करता येत असताना एकुलत्या एका प्रिंटवर तो धोका घ्यायचं कारण नाही.

कवडसा

आणि मांजराचे हिरवे डोळे? माझ्याकडे कुत्रा आहे, त्याचे कधी पिवळे, कधी निळसर येतात. चॅनेल मिक्सरने जातील का?

तिरपा उजेड

नाही. मांजर-कुत्र्यांच्या पडद्यामागे चमकणारा एक वेगळा थर असतो, टेपीटम म्हणतात त्याला. अंधारात अपुरा उजेड दुसऱ्यांदा पडद्यावर फेकायचं त्याचं काम. तो थर माणसात नाही. त्याचा रंग हिरवा, पिवळा, निळा कसाही असतो, आणि तो इतका जोरदार परततो की बहुतेक वेळा तिन्ही चॅनेल भरून जातात. सरासरी घ्यायला खाली काही उरतच नाही. माणसांसाठीचं रेड आय टूल लाल रंग शोधतं, त्यामुळे त्याला हे डोळे दिसतही नाहीत. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये त्याच टूलच्या शेजारी पेट आय असा वेगळा पर्याय आहे, तो वापरा. त्यात कॅचलाइट पुन्हा बसवायचीही सोय आहे. नाहीतर गडद राखाडी रंग मऊ ब्रशने भरा आणि वर एक बारीक पांढरा ठिपका द्या. ठिपका दोन्ही डोळ्यांत घड्याळाच्या एकाच आकड्यावर हवा.

प्राण्यांच्या बाबतीत बाउन्स आणखी कामाला येतो, कारण त्यांच्या बाहुल्या आपल्यापेक्षा खूप मोठ्या उघडतात. निळ्या डोळ्यांच्या काही कुत्र्या-मांजरांत हा थर नसतो, त्यांचे डोळे आपल्यासारखे लाल येतात. त्यांना चॅनेल मिक्सर चालेल.

संध्यामेघ

आत्ताच एक डोळा करून बघितला. मोठ्याच्या डाव्या डोळ्यातून खिडकीसारखा चौकोनी ठिपका बाहेर आला, तो तिथे होता हे माहीतच नव्हतं! उजव्याची कड अजून लालसर आहे, ३० टक्क्यांनी पुसतेय. धाकटीच्या त्या फोटोला हात लावलेला नाही. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर इथे कळवते.